ताठरतेची गोळी : घेण्याआधी काय सांगायचं, घेताना काय पाळायचं

नागपुरातल्या एका ४१ वर्षांच्या पुरुषाची हकिकत २०२२ साली न्यायवैद्यकशास्त्राच्या एका नियतकालिकात नोंदली गेली आणि पुढे वर्तमानपत्रांतही आली. त्याने रात्री दारूसोबत सिल्डेनाफिल या ताठरतेच्या औषधाच्या ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एकदम घेतल्या होत्या. सकाळी अस्वस्थ वाटू लागलं, उलट्या झाल्या. सोबतच्या व्यक्तीने दवाखान्यात जाऊ म्हटलं, तर ‘मला आधीही असं झालंय’ असं सांगून त्याने टाळलं. त्रास वाढला आणि हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत मृत्यू झाला. शवविच्छेदनात मेंदूत मोठा रक्तस्राव झालेला दिसला. हृदयाचा स्नायू जाड झालेला होता, यकृत आणि मूत्रपिंडांतही बिघाड होता. रक्तदाब दीर्घकाळ वाढलेला राहिला की हृदयाचा स्नायू असा जाड होतो. त्याच्या नावावर आजाराची कुठलीही नोंद मात्र नव्हती.

ही बातमी वाचून अनेकांनी एकच अर्थ काढला : गोळी वाईट. मला तो अर्थ अपुरा वाटतो. सिल्डेनाफिलला अमेरिकेत मार्च १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि तेव्हापासून जगभर कोट्यवधी पुरुषांनी ती घेतली आहे. तपासून, योग्य मात्रेत दिली तर ती बऱ्यापैकी सुरक्षित आहे. नागपूरच्या हकिकतीत जीवघेणं काय होतं ते ओळीने पाहा : बहुधा न ओळखलेलं बीपी, एकाच वेळी दोन गोळ्या, सोबत दारू, आणि त्रास सुरू झाल्यावरही दवाखाना टाळणं. यातली प्रत्येक गोष्ट टाळता येण्यासारखी होती.

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, चाकण, म्हाळुंगे, खालुंब्रेपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ही गोळी बऱ्याचदा डॉक्टरांकडून येतच नाही. रूमवरच्या मित्राकडून येते, कंपनीच्या बसमधल्या सहकाऱ्याकडून येते, किंवा ‘मेडिकल’वर हळू आवाजात मागितली जाते. बायको-मुलं बीड, लातूर, यवतमाळकडे गावी, आणि इथला कामगार निघोज्यात चौघांत मिळून खोली घेऊन राहतो. दिवाळीला चार दिवस गावी जायचं, त्या चार दिवसांत ‘जमलं नाही’ तर काय, या धास्तीनेच गोळी खिशात येते. ही धास्ती खरी आहे, तिला हसण्यासारखं काही नाही. पण अशी गोळी घेताना ती शरीरात नेमकं काय करते, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ते एकदा कळलं की पुढची सगळी पथ्यं पाठ करावी लागत नाहीत, ती आपोआप समजतात.

ताठरता हे रक्ताच्या दाबाचं काम आहे. कारखान्यात हायड्रॉलिक जॅक पाहिलेल्या माणसाला हे लगेच उमगेल : आत तेल भरतं, परतीचा मार्ग बंद होतो आणि जॅक ताठ उभा राहतो. इथे तेलाच्या जागी रक्त आहे. मनात इच्छा जागी झाली, स्पर्श झाला, की मेंदूकडून नसांमार्फत निरोप जातो. लिंगातल्या नसांच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात सुटतो. त्यामुळे सीजीएमपी नावाचं रसायन तयार होतं. हे रसायन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करतं, रक्त वेगाने आत येतं, स्पंजासारख्या पेशी भरतात आणि रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. काम झालं की पीडीई-५ नावाचं एन्झाइम सीजीएमपी मोडून टाकतं आणि सगळं पूर्ववत होतं. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाचा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ सालीच नोबेल मिळालं, म्हणजे गोळी बाजारात आली त्याच वर्षी.

सिल्डेनाफिल, टाडालाफिल, वार्डेनाफिल ही औषधं त्या पीडीई-५ ला अडवतात. सीजीएमपी लवकर मोडत नाही, म्हणून ताठरता टिकते. इच्छा नसेल, उत्तेजना नसेल, तर नायट्रिक ऑक्साइडच सुटत नाही, सीजीएमपी तयार होत नाही आणि गोळीला टिकवून ठेवायला काही उरत नाही. गोळी खाऊन मोबाइल बघत पडलं तर काही होत नाही ते यामुळेच. ही गोळी इच्छा वाढवत नाही, शुक्राणू वाढवत नाही, मूल होण्याचं औषध नाही, आणि एचआयव्ही किंवा इतर लागणीपासून वाचवतही नाही.

सिल्डेनाफिल मुळात या कामासाठी शोधलेलंच नव्हतं. इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या फायझरच्या प्रयोगशाळेत ते हृदयाच्या दुखण्यावर, म्हणजे अंजायनावर, तपासलं जात होतं. ताठरतेवरचा परिणाम चाचण्यांच्या दरम्यान लक्षात आला. हे सांगायचं कारण इतकंच की ही गोळी फक्त ‘तिथे’ जाते असं नाही. ती सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या थोड्या सैल करते. डोकं दुखतं, चेहरा लाल होऊन गरम वाटतो, नाक चोंदतं, ते त्यामुळेच. आणि खरा धोकाही तिथूनच सुरू होतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. वडिलांच्या खिशात असते, शेजाऱ्याकडे असते. ती नायट्रेट जातीची गोळी आहे. नायट्रेट शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साइडच देतं. एका बाजूने नायट्रेट भराभर सीजीएमपी वाढवतंय आणि दुसऱ्या बाजूने सिल्डेनाफिल ते मोडू देत नाही. अशा वेळी सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. हृदयाला आणि मेंदूला रक्त पुरत नाही. यातून माणूस दगावू शकतो.

म्हणून ज्यांना छातीच्या दुखण्यासाठी आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, नायट्रोग्लिसरीन किंवा निकोरँडिल रोज किंवा गरजेपुरतं चालू आहे, त्यांनी ताठरतेची ही गोळी घ्यायचीच नाही. ‘आज सकाळची घेतली नाही, म्हणून आज चालेल’ असा हिशोब इथे लागू होत नाही. त्यांच्यासाठी दुसरे उपचार आहेत, ते डॉक्टरांना विचारायचे. फुप्फुसांतल्या वाढलेल्या रक्तदाबासाठी रिओसिग्वाट घेणाऱ्यांनाही ही गोळी पूर्ण बंद.

याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. समजा, तुम्हाला हृदयाचा आजार नाही, रात्री गोळी घेतली आणि पहाटे छातीत कळ आली. घरातलं कोणी घाबरून सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवेल, किंवा कॅज्युअल्टीतले डॉक्टर नेहमीच्या पद्धतीने नायट्रेट सुरू करतील. त्या वेळी तुमच्या तोंडून एक वाक्य यायला हवं : ‘मी अमुक वाजता, अमुक मिलिग्रॅमची, अमुक गोळी घेतली आहे.’ सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर निदान ४८ तास नायट्रेट देत नाहीत, डॉक्टरांकडे दुसरी औषधं असतात. हे वाक्य बायको, आई, भाऊ समोर असताना बोलायची लाज वाटते, म्हणून माणसं गप्प राहतात. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना यात नवल काहीच नसतं. त्यांना फक्त औषध निवडायचं असतं.

आणखी काही औषधांचं सांगायला हवं, आणि त्यातलं एक या पट्ट्यात फार सापडतं. घाम, हेल्मेट, सेफ्टी शूज, एकमेकांचे टॉवेल यामुळे गजकर्ण इथल्या खोल्याखोल्यांत असतं, आणि त्यासाठी इट्राकोनाझोल आठवडेच्या आठवडे घेतलं जातं. आपलं यकृत ज्या एन्झाइमने सिल्डेनाफिल मोडतं, त्याच एन्झाइमला इट्राकोनाझोल अडवून ठेवतं. मग ५० ची गोळी रक्तात त्याहून कितीतरी जास्त मात्रेसारखी वागते. केटोकोनाझोल, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर यांचंही तसंच. अशा वेळी डॉक्टर २५ पासून सुरुवात करतात किंवा थांबायला सांगतात. रिटोनाविरसोबत तर ४८ तासांत २५ च्या पुढे जायचं नाही. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन उलटं वागतं, गोळीचा परिणाम घटवतं. तेव्हा ‘टीबीच्या औषधांत गोळी लागत नाही’ म्हणून मित्र दोन घे म्हणाला, तर तो सल्ला ऐकायचा नाही. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा बीपीसाठी प्रॅझोसिन घेणाऱ्यांना उभं राहताच चक्कर येऊ शकते, त्यांचीही मात्रा कमी ठेवतात. त्वचेचं औषध आणि ही गोळी यांचा संबंध काय, असं वाटून कोणी सांगत नाही. म्हणून सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवणं उत्तम.

डॉक्टरांकडे जायचं कुठे, हाही प्रश्न असतो. ज्यांच्या पगारातून ईएसआयसी कापलं जातं, त्यांना चिंचवडच्या मोहननगरमधलं ईएसआय रुग्णालय आहे. संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, ज्याला सगळे वायसीएम म्हणतात. चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. मेडिसिन ओपीडीत जाऊन ‘लैंगिक तक्रार आहे, एकट्यात बोलायचंय’ एवढं म्हटलं तरी पुरतं. कंपनीच्या डॉक्टरला सांगितलं तर सुपरवायझरपर्यंत जाईल, ही भीती कंत्राटी कामगारांना असते आणि ती मी समजू शकतो. तसं वाटत असेल तर बाहेर जा. पण कंपनीची एक गोष्ट सोबत न्या : वर्षातून एकदा होणाऱ्या मेडिकल चेकअपचा रिपोर्ट. बीपी, शुगर, कधी कधी ईसीजी, सगळं त्यात असतं आणि बहुतेकांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो. रिपोर्ट मिळाला नसेल तर मागून घ्या.

डॉक्टर सकाळी झोपेतून उठताना ताठरता येते का, असं विचारतील. येत असेल, तर रक्तवाहिन्या आणि नसा बहुधा ठीक आहेत, कारण मनाच्या ताणात, झोपेच्या अभावात किंवा नात्यात असू शकतं. वयाच्या पंचविशीत, पहिल्या वेळी घाबरून न जमणं हा आजार नव्हे. त्यावर गोळीची सवय लावून घेतली की गोळीशिवाय जमणारच नाही अशी दहशत बसते, आणि ती दहशत मूळ तक्रारीपेक्षा जड होते. उलट चाळिशीच्या आसपास हळूहळू ताठरता कमी होत गेली असेल, सकाळचीही जात असेल, तर शरीर काहीतरी सांगतंय. लिंगाच्या धमन्या एक ते दोन मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबी साचून, शुगरमुळे, तंबाखूमुळे धमन्या अरुंद होऊ लागल्या की आधी बारीक धमन्यांत ते जाणवतं. छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी अनेकदा ताठरतेची तक्रार सुरू होते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. असा रुग्ण गोळी विकत घेऊन गप्प बसला, तर मधुमेह किंवा हृदयविकार लवकर ओळखायची संधी त्याच्या हातून जाते. मला या सगळ्या विषयात हेच सर्वांत दुःखद वाटतं.

टेस्टोस्टेरॉनची तपासणी सांगितली तर रक्त सकाळी देतात, कारण तेव्हा पातळी सर्वांत जास्त असते. थर्ड शिफ्ट करून थेट लॅबमध्ये जाणाऱ्याने आपण रात्रभर जागे होतो हे जरूर सांगावं, नाहीतर रिपोर्ट चुकीचा वाचला जाईल. बीपीची किंवा नैराश्याची काही औषधंही ताठरतेवर परिणाम करतात. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, बदलून देता येतात.

डॉक्टर हृदयाचीही चौकशी करतील. गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयाच्या ठोक्यांचा गंभीर बिघाड झाला असेल, बीपी १७०/११० च्या वर किंवा ९०/५० च्या खाली असेल, तर सहसा थांबायला सांगतात. इथे प्रश्न गोळीइतकाच संबंध ठेवण्याच्या श्रमाचाही आहे. दोन मजले जिने भरभर चढून धाप किंवा छातीत दुखणं होत नाही, इतपत दम असायला हवा.

आता घेण्याची पद्धत. सिल्डेनाफिल बहुतेकांना ५० मिलिग्रॅमपासून देतात. पासष्टीपुढे, यकृत किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर २५ पासून. संबंधाच्या सुमारे तासभर आधी, चोवीस तासांत एकदाच, आणि कमाल मात्रा १००. परिणाम साधारण चार तास राहतो. पोट भरलेलं असताना, त्यातही मटण, तेलाची तर्री, भजी असं जड जेवण झालं असेल, तर गोळीला जवळपास तासभर उशीर लागतो आणि जोरही थोडा कमी पडतो. नेमकी इथेच चूक होते. जेवून गोळी घेतली, अर्ध्या तासात काही जाणवलं नाही, म्हणून दुसरी घेतली, आणि मग दोन्ही एकदम रक्तात. दुसरी गोळी घ्यायची नाही. आज नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी किंवा हलकं खाऊन. पाच-सहा वेगवेगळ्या वेळी नीट घेऊनही उपयोग झाला नाही, तरच गोळी लागू पडत नाही असं म्हणता येतं, आणि ते डॉक्टरांना जाऊन सांगायचं.

टाडालाफिल जेवणावर अवलंबून नाही आणि तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो. घड्याळ बघायची घाई जाते, म्हणून शिफ्टवाल्यांना ती सोयीची वाटते. पण ती शरीरात रेंगाळते, म्हणजे तिचे दुष्परिणाम आणि इतर औषधांशी भांडणही रेंगाळतं. ती गरजेपुरती १० मिलिग्रॅमपासून किंवा रोज अडीच ते पाच मिलिग्रॅम अशी देतात. दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत. दारूबाबत सांगायचं तर तीही रक्तदाब उतरवते, आणि जास्त झाली की ताठरताच घालवते. एखादा पेग आणि अर्धी बाटली यांत मोठा फरक आहे. गोळीच्या रात्री दारू नसलेलीच बरी.

पहिली गोळी मात्र कामावर जायच्या आधी घेऊ नये. काहींना चक्कर येते, काहींना सिल्डेनाफिलनंतर काही तास सगळं निळसर दिसतं किंवा निळा-हिरवा ओळखताना गोंधळ होतो. वायरिंग हार्नेसवर रंग ओळखून तारा जोडणारा, पेंट शॉपमध्ये तपासणी करणारा, क्रेन किंवा फोर्कलिफ्ट चालवणारा, प्रेसवर उभा राहणारा, यांनी आपलं शरीर गोळीला कसा प्रतिसाद देतं हे आधी सुट्टीच्या दिवशी पाहावं. भट्टीजवळ किंवा उन्हाळ्यात शेडमध्ये घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असेल, तर चक्कर अधिक येते.

डोकेदुखी, नाक चोंदणं, जळजळ, टाडालाफिलने पाठ किंवा मांड्या दुखणं, हे सहसा आपोआप जातं. पण काही गोष्टींसाठी थांबायचं नाही. ताठरता चार तासांहून जास्त राहिली, तर रात्री दोन वाजले तरी हॉस्पिटलला जायचं. उशीर झाला तर आतल्या पेशी कायमच्या निकामी होतात आणि पुढे कुठलीच गोळी चालत नाही. एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली, ऐकू येणं अचानक कमी झालं, छातीत दुखलं, बेशुद्धी आली, तीव्र डोकेदुखीसोबत उलट्या झाल्या किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली, तर १०८ ला फोन करायचा, दुचाकीवर बसून जायचं नाही. मागच्या वेळी आपोआप थांबलं होतं, म्हणून याही वेळी थांबेल असं धरून चालायचं नाही.

विकत घेताना स्ट्रिपच्या मागचं वाचा. ब्रँडचं नाव सोडून त्याखालचं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम पाहा. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या आहेत, तसा इशाराही स्ट्रिपवर असतो. बाजारात सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलसोबत डॅपॉक्सेटिन मिसळलेल्या गोळ्याही मिळतात. डॅपॉक्सेटिन हे शीघ्रपतनाचं औषध, म्हणजे निराळ्या तक्रारीचं. त्याने उभ्या जागी बेशुद्धी येऊ शकते, दारूसोबत ती शक्यता वाढते, आणि नैराश्याच्या औषधांशी त्याचं अजिबात पटत नाही. ‘जास्त पॉवरची’ म्हणून ती कोणी हातात दिली तर घेऊ नका. बिल घ्या. ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढे देशाचं पेनिसिलिन तयार होऊ लागलं, त्या गावातल्या कामगाराने तरी औषध डोळे मिटून घेऊ नये असं मला फार वाटतं.

भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’च्या जाहिराती आणि महामार्गाकडेचे तंबू यांबद्दल इतकंच : लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानेच बंदी आहे. जडीबुटी, मध, पावडर म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेक देशांच्या तपासण्यांत सापडलं आहे, आणि ते किती मिसळलंय हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. हृदयाचा रुग्ण ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ या भरवशावर ते घेतो आणि वर सॉर्बिट्रेटही घेतो.

गोळी सुरू झाल्यावर साधारण एक-दोन महिन्यांनी डॉक्टरांना पुन्हा भेटा, बीपी दाखवा, शुगर दाखवा. आधी ५० पुरत होती आणि आता १०० लागते असं झालं, तर मात्रा स्वतः वाढवू नका. मागे काय बिघडतंय ते शोधावं लागेल. तंबाखू सुटली, वजन उतरलं, शुगर आटोक्यात आली, झोप नीट झाली, तर काहींची गोळी कमीही होते. काही वेगळा त्रास जाणवला तर तो कळवण्यासाठी भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाची १८००-१८०-३०२४ ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि घरात बायकोला गोळीचं नाव सांगून ठेवा. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा १०८ वाल्यांना ते नाव तिलाच सांगावं लागणार आहे.